यादीतून गळालेले ग्रह : सिरीसपासून प्लूटोपर्यंत

गोव्यात पाऊस सरला आणि आकाशदर्शनाचे कार्यक्रम सुरू झाले की दुर्बिणीपाशी एक प्रश्न हमखास येतो : प्लूटोला का काढले? शाळेत नऊ ग्रह पाठ केलेले पालक तो जरा तक्रारीच्या सुरातच विचारतात. पण यादीतून नाव वगळण्याची ती पहिली वेळ नव्हती. प्लूटोच्या सुमारे दीडशे वर्षे आधी सिरीस नावाच्या पिंडाचे हेच झाले होते, आणि कारणही तेच होते.

जुना निकष सोपा होता : ताऱ्यांमधून जागा बदलत फिरतो तो ग्रह. म्हणून पंचांगातल्या नवग्रहांत सूर्य-चंद्र आहेत, पृथ्वी नाही. राहू-केतू म्हणजे तर चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेला) छेदते ते दोन बिंदू. कोपर्निकसने १५४३ मध्ये सूर्य मधोमध बसवला तेव्हा सूर्य यादीबाहेर गेला आणि पृथ्वी आत आली.

१ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मो येथे पियाझी या खगोलशास्त्रज्ञाला मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यात सिरीस सापडला. १८०७ पर्यंत पॅलास, जुनो आणि व्हेस्टा आले. चौघांनाही ग्रहांच्या पंगतीत बसवले गेले, प्रत्येकाला स्वतःचे चिन्हही मिळाले. सिरीसचे चिन्ह विळ्याचे. दुर्बिणीत यांचे बिंब दिसत नाही, ताऱ्यासारखा नुसता ठिपका दिसतो, तेव्हा यांचा वर्ग वेगळा करा, असे खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल १८०२ मध्येच सांगत होता. पण १८४५ नंतर शोधांची रीघ लागली, चिन्हे काढता काढता पुरेवाट झाली, तेव्हा कुठे चिन्हांच्या जागी क्रमांक आले आणि हे सगळे 'लघुग्रह' झाले. त्यासाठी कुठे मतदान झाले नाही, म्हणून कोणाला राग आल्याचेही ऐकिवात नाही.

प्लूटोची कथा त्याच वळणाने गेली. १९३० च्या जानेवारीत सहा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या आकाशाच्या छायाचित्रांच्या दोन काचा आलटून पालटून पाहताना क्लाइड टॉम्बॉला एक ठिपका सरकलेला दिसला. तारीख होती १८ फेब्रुवारी. सुरुवातीला तो पृथ्वीच्या तोडीचा असावा असा अंदाज होता. १९७८ मध्ये जेम्स क्रिस्टीला त्याचा चंद्र शॅरन सापडला. चंद्राचे अंतर आणि फेरीचा काळ (६.४ दिवस) कळला की केप्लरच्या नियमाने वस्तुमान थेट निघते. ते भरले पृथ्वीच्या जेमतेम ०.२ टक्के, म्हणजे आपल्या चंद्राच्याही सुमारे सहाव्या हिश्शाइतके. १९९२ मध्ये ज्यूइट आणि लू यांना नेपच्यूनपलीकडे आणखी एक पिंड मिळाला, पाठोपाठ शेकडो मिळाले. २००५ मध्ये जाहीर झालेला एरिस तर प्लूटोपेक्षा सुमारे २७ टक्के जड निघाला. आता ग्रह एक तर दहा तरी, नाहीतर आठ.

ऑगस्ट २००६ मध्ये प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेसमोर आलेला पहिला मसुदा बारा ग्रहांचा होता. सिरीस, शॅरन आणि एरिस आत. नुसत्या गोलपणावर ग्रहपद दिले तर यादी उद्या पन्नासावर जाईल, म्हणून तो टिकला नाही. २४ ऑगस्टला तीन अटी मंजूर झाल्या : सूर्याभोवती फिरणे, स्वतःच्या गुरुत्वाने जवळपास गोल होणे आणि कक्षेचा परिसर मोकळा केलेला असणे. पहिल्या दोन पाळून तिसरीत अडकणारा, आणि कोणाचा उपग्रह नसलेला, तो बटुग्रह.

वाद सगळा तिसऱ्या अटीवर होतो, तोही बहुधा गैरसमजातून. परिसर मोकळा म्हणजे झाडून पुसून लख्ख, असे नव्हे. गुरूच्या कक्षेत हजारो लघुग्रह आहेत, पण ते त्याच्याच गुरुत्वाच्या ताब्यात आहेत. मग नेपच्यूनच्या वाटेत प्लूटो येतो त्याचे काय? तोही बांधलेलाच : नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा प्लूटोच्या नेमक्या दोन. स्टीव्हन सोटर यांनी २००६ मध्ये पिंडाच्या वस्तुमानाला त्याच्या कक्षापट्ट्यातल्या बाकी ऐवजाच्या वस्तुमानाने भागून पाहिले. पृथ्वीसाठी उत्तर सुमारे १७ लाख, ग्रहांत सर्वांत कमी असलेल्या मंगळासाठी सुमारे ५,१००; सिरीससाठी ०.३३ आणि प्लूटोसाठी ०.०७. मधे कोणीच नाही. एवढी स्पष्ट फट निसर्गात क्वचितच मिळते.

खरी कच्ची बाजू दुसऱ्या अटीची. शनीचा ३९६ किलोमीटरचा उपग्रह मायमास गोल आहे, कारण बर्फ लवकर दबतो. ५२५ किलोमीटरचा खडकाळ व्हेस्टा मात्र पुरता गोल नाही. म्हणजे आकारमानाची एकच रेषा आखता येत नाही. शिवाय नेपच्यूनपलीकडचे पिंड दिसतात ठिपक्यासारखे. त्यांची कड कळते ती एखाद्या ताऱ्याला त्यांनी झाकले आणि ते अनेक ठिकाणांहून मोजले तर. म्हणून २००८ मध्ये तेजस्वितेची मर्यादा घालून माकेमाके आणि हौमिया यांना बटुग्रह धरण्यात आले. हौमिया तर सुमारे चार तासांत स्वतःभोवती फिरून अंड्यासारखा लांबट झाला आहे. संघटनेची यादी तेव्हापासून पाचावरच आहे.

गोव्यातून यांतला सिरीस सहज मिळतो. सुमारे सव्वापंधरा महिन्यांनी तो सूर्यासमोर, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या विरुद्ध दिशेला येतो, तेव्हा त्याची प्रत (तेजस्वितेचा आकडा; जितका मोठा तितका पिंड अंधूक) सातच्या आसपास असते आणि १०×५० ची द्विनेत्री पुरते. त्या भागातल्या ताऱ्यांचे रेखाटन करून दोन रात्रींनी पुन्हा पाहावे. जवळजवळ चंद्रबिंबाएवढा सरकलेला ठिपका तो सिरीस. प्लूटोची प्रत चौदाच्याही पलीकडे. त्याला निदान बारा इंची दुर्बीण आणि पणजीच्या दिव्यांपासून दूर सत्तरी किंवा सांगेकडचे काळे आकाश हवे. सध्या तो सूर्यासमोर येतो जुलैच्या अखेरीस, ऐन धो-धो पावसात. दसऱ्याच्या सुमारास आकाश उघडते, पण ऑक्टोबरच्या मध्याला तो ताऱ्यांमध्ये जवळपास थबकलेला असतो आणि दोन रात्रींच्या रेखाटनात फरकच दिसत नाही. त्यासाठी नोव्हेंबरातली अमावास्या गाठावी, अंधार पडताच नैऋत्येला पाहावे आणि दुसरे रेखाटन चार-पाच रात्रींनी करावे.