ममत्व, आकस आणि खुर्ची : पक्षपाताच्या आरोपावरून झालेल्या राजीनाम्यांची पार्श्वभूमी

शपथविधी पाहणाऱ्याला मंत्र्याच्या शपथेचा शेवट ऐकून ऐकून पाठ झालेला असतो. कोणाविषयीही ममत्वभाव किंवा आकस न बाळगता सर्वांना न्याय्य वागणूक देईन, असे मंत्री म्हणतो. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत ही शपथ आहे. ती मोडली असा आरोप झाला तर पुढे काय, याबद्दल मात्र संविधानात काही नाही. अनुच्छेद १६४ प्रमाणे मंत्री राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो, म्हणजे व्यवहारात मुख्यमंत्र्यांची मर्जी असेपर्यंत. आरोप मुख्यमंत्र्यांवरच असेल तर ही मर्जी दिल्लीतल्या किंवा मुंबईतल्या पक्षश्रेष्ठींची असते. एखाद्या मंत्र्यावर पक्षपाताचा आरोप झाला की ‘राजीनामा द्या’ आणि ‘आधी सिद्ध करा’ हा जो सामना रंगतो, तो खेळला जातो या मोकळ्या जागेत.

अशा वेळी हमखास लालबहादूर शास्त्रींचा दाखला दिला जातो. १९५६ च्या अरियालूर रेल्वे अपघातानंतर त्यांनी रेल्वेमंत्रिपद सोडले. दुसरा दाखला अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींचा. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे समभाग घेतले, त्याची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी केली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्र्यांना जावे लागले. दोन्ही उदाहरणे मोठी आहेत, पण या वादात ती गैरलागू ठरतात. खात्यात घडलेल्या गोष्टीची जबाबदारी स्वीकारणे वेगळे आणि स्वतः एका बाजूला झुकल्याचा आरोप वेगळा. पहिल्यात राजीनामा दिल्याने माणसाची उंची वाढते. दुसऱ्यात राजीनामा म्हणजे कबुली, असे मानले जाते, आणि म्हणूनच तो इतका चिवटपणे टाळला जातो.

पक्षपाताच्या प्रश्नाचा खरा इतिहास सापडतो आंध्रातल्या एसटीच्या मार्गांवर. १९५० च्या दशकात तिथे खासगी बसमार्ग ताब्यात घेऊन ते परिवहन महामंडळाला द्यायचे धोरण ठरले. कायद्याप्रमाणे बसमालकांच्या हरकती सरकारने ऐकायच्या आणि मग योजनेला मंजुरी द्यायची. पहिल्या फेरीत सुनावणी घेतली परिवहन सचिवांनी आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्यांनी. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. ऐकायचे एकाने आणि ठरवायचे दुसऱ्याने, तर त्या सुनावणीला अर्थ काय, असा न्यायालयाचा रोख होता. मग मुख्यमंत्री नीलम संजीव रेड्डी यांनी स्वतः हरकती ऐकल्या. बसमालक पुन्हा कोर्टात गेले. ज्यांनी आधीच राष्ट्रीयीकरणाचा पुरस्कार केला आहे ते निःपक्षपाती कसे असतील, असा त्यांचा सवाल. या वेळी न्यायालय सरकारच्या बाजूने उभे राहिले. मंत्र्याला धोरण असणारच, आणि धोरण असणे म्हणजे पक्षपात नव्हे.

ही १९५९ ची गोष्ट. आजही हा भेद वादात वारंवार हरवतो. ‘मंत्री आमच्या मागणीच्या विरोधात आहेत, म्हणजे पक्षपाती आहेत’ हे म्हणणे राजकारणात चालते, कायद्यात टिकत नाही.

पाच वर्षांनी तेच रेड्डी, तेच महामंडळ, तसाच बसमार्गांचा वाद. मधल्या काळात ते काँग्रेसचे अध्यक्ष होऊन १९६२ मध्ये पुन्हा मुख्यमंत्रिपदी आले होते. कोणत्या जिल्ह्यातले मार्ग आधी घ्यायचे याचा क्रम तज्ज्ञ समितीने सुचवलेला होता. तो डावलून कुर्नूल जिल्ह्याचा पश्चिम भाग पुढे आणला गेला. तिथले बसमालक मुख्यमंत्र्यांचे राजकीय विरोधक, म्हणून त्यांचा धंदा मोडायला हा बदल झाला, असा थेट आरोप सी. एस. रावजी आणि इतरांच्या खटल्यात झाला. उत्तरादाखल महामंडळाने प्रतिज्ञापत्रे दिली, पण ज्यांच्यावर आरोप होता त्यांनी स्वतः दिले नाही. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या निकालाचा कणा हाच आहे. मनातल्या हेतूविषयी आरोप असेल, तर त्याचे खंडन त्या माणसानेच करायला हवे. दुसरा कोणी त्याच्या मनाची ग्वाही कशी देणार? खंडन न झाल्याने आरोप कायम राहिला आणि योजना रद्द झाली.

राजीनामा द्या, असे न्यायालय म्हणाले नव्हते. कधीच म्हणत नाही. रेड्डींनी १९६४ च्या फेब्रुवारीत पद सोडले.

या राजीनाम्याचे वजन कळायला त्याच सुमाराचे पंजाब पाहावे लागते. काही महिने आधी, १९६३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एका सिव्हिल सर्जनच्या खटल्यात मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों यांच्याविरुद्ध निकाल दिला होता. निवृत्तीपूर्व रजेवर गेलेल्या या डॉक्टरला परत बोलावून निलंबित केले गेले होते. मुख्यमंत्री आणि त्यांच्या घरच्यांची मर्जी सांभाळली नाही म्हणून आकसाने हे झाले, असे डॉक्टरचे म्हणणे. पुराव्यात ध्वनिफितीही होत्या. पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी आकस मान्य केला, दोघांनी नाही. बहुमताचा निकाल लिहिणारे पुन्हा न्या. अय्यंगारच. कैरों जागचे हलले नाहीत. नेहरूंचा त्यांच्यावर भरवसा होता. माजी सरन्यायाधीश एस. आर. दास यांचा चौकशी आयोग नेमला गेला, अहवाल आला, आणि १९६४ च्या जूनमध्ये कैरोंनी पद सोडले. तोवर नेहरू हयात नव्हते.

म्हणजे आरोपाचा प्रकार तोच, न्यायालय तेच, निकाल लिहिणारे न्यायाधीशही तेच. फरक पडला तो पाठीशी कोण उभे होते यामुळे. पक्षपाताच्या आरोपावरून मंत्री जातो की राहतो, हे आपल्याकडे पुराव्याच्या बळावर क्वचितच ठरले आहे, असे माझे मत आहे आणि पुढचा महाराष्ट्राचा इतिहास त्याला दुजोराच देतो.

महाराष्ट्रात गाजलेली प्रकरणे आकसाची नाहीत, ममत्वाची आहेत. १९८० मध्ये मुख्यमंत्री झालेल्या बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी साहित्यिक-कलावंतांच्या मदतीसाठी म्हणून इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान काढले. सिमेंटवर तेव्हा सरकारी नियंत्रण होते. एका घराच्या स्लॅबसाठीही परवाना लागे आणि परवान्यावरच्या भावापेक्षा खुल्या बाजारातला भाव कितीतरी जास्त असे. बिल्डरांना सिमेंट मिळाले आणि त्यांच्या देणग्या प्रतिष्ठानांत जमा झाल्या. अरुण शौरी यांनी ३१ ऑगस्ट १९८१ रोजी हे प्रकरण ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये छापले. प. बा. सामंत प्रभृतींच्या याचिकेवर न्या. बख्तावर लेंटिन यांनी १९८२ च्या जानेवारीत निकाल दिला : सिमेंटचे वाटप आणि देणग्या यांचा परस्परसंबंध आहे. अंतुले गेले. त्याच फेब्रुवारीअखेर केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले. मंत्र्याच्या हातात ज्या गोष्टीचे वाटप असते तिथेच पक्षपाताला जागा असते, हे त्यातून दिसले. तेवढे वाटपच काढून घेतले तर निम्मे राजीनामे लागणारही नाहीत, पण हा उपाय कोणत्याच सरकारला फारसा आवडत नाही.

चार वर्षांनी शिवाजीराव पाटील निलंगेकर. त्यांच्या मुलीच्या एम.डी.च्या परीक्षेत गुणांची फिरवाफिरव झाल्याची तक्रार त्याच परीक्षेला बसलेल्या एका डॉक्टरने उच्च न्यायालयात नेली. हे मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून किंवा त्यांना खूश करण्यासाठी झाले, असा निष्कर्ष एकलपीठाने काढला आणि मार्च १९८६ मध्ये निलंगेकर पायउतार झाले. अपिलात खंडपीठाने भाषा सौम्य केली, थेट सहभागाचा पुरावा नसल्याचे मानले, तरी प्रतिकूल शेरे पुरते पुसले नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी ते शेरे अस्थानी मानले नाहीत. इथे एक जुनी अडचण समोर येते. राजीनामा पहिल्या निकालावर द्यायचा, की शेवटच्या? शेवटच्या म्हणाल तर विधानसभेची मुदत संपते. पहिल्या म्हणाल तर अपिलात सुटलेल्याची खुर्ची कोण परत देणार?

मनोहर जोशींच्या बाबतीत क्रम उलटा झाला. पुण्यात प्राथमिक शाळेसाठी राखीव असलेला भूखंड मोकळा करून तिथे इमारत उभी राहिली आणि तिच्याशी मुख्यमंत्र्यांच्या जावयाचा संबंध होता. जोशींनी १९९९ च्या जानेवारीअखेर पद सोडले ते बाळासाहेब ठाकरे यांच्या आदेशाने. उच्च न्यायालयाचा ताशेरे ओढणारा निकाल आला त्यानंतर, मार्चमध्ये. सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला २०११ मध्ये, तब्बल बारा वर्षांनी.

आणि मग विलासराव देशमुख. बुलढाणा जिल्ह्यात एका काँग्रेस आमदाराच्या सावकारी करणाऱ्या कुटुंबाविरुद्ध शेतकऱ्यांच्या तक्रारी पोलिसांनी नोंदवू नयेत म्हणून मुख्यमंत्री कार्यालयातून हस्तक्षेप झाल्याचे प्रकरण. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये अत्यंत कडक शब्दांत निकाल दिला आणि राज्य सरकारवर १० लाखांचा खर्च बसवला. शेतकरी आत्महत्यांच्या विदर्भातली ही गोष्ट. वर सांगितलेल्या कोणत्याही प्रकरणाहून ती मला जास्त गंभीर वाटते, कारण इथे ममत्वाची किंमत कर्जात बुडालेल्या माणसाने मोजली. देशमुख तोवर केंद्रात अवजड उद्योग मंत्री होते. राजीनामा झाला नाही. उलट पुढच्याच महिन्यातल्या खातेबदलात त्यांच्याकडे ग्रामविकास खाते आले.

न्यायाधीशांची रीत याहून वेगळी आहे आणि ती घडवण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. १९५७ च्या मानक लाल खटल्यात न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिले की पक्षपात प्रत्यक्ष झाला का, हे सिद्ध करण्याची गरज नाही. पक्षकाराच्या मनात तशी रास्त शंका येण्यासारखी परिस्थिती होती का, एवढेच पाहायचे. पुढे ते सरन्यायाधीश असताना ठाणे जिल्हाधिकारी कार्यालयाने केलेल्या भूसंपादनाचा एक खटला त्यांच्यापुढे आला. ज्या सहकारी गृहनिर्माण संस्थेसाठी जमीन घेतली होती, तिचे ते सभासद होते. वकिलाने हरकत घेतली. गजेंद्रगडकर बाजूला झाले, पीठ नव्याने बसले. पद सोडायचा प्रश्नच आला नाही, कारण त्यांनी खटला सोडला होता.

मंत्र्यांना ही वाट बंद नाही. महाराष्ट्रात मंत्री रोज न्यायाधीशासारखे काम करतात, हे मंत्रालयाच्या पायऱ्या न चढलेल्या माणसाला ठाऊक नसते. जमीन महसूल संहितेच्या कलम २५७ खाली महसूल खात्याकडे पुनरीक्षण अर्ज, म्हणजे खालच्या अधिकाऱ्याचा निर्णय पुन्हा तपासण्याचे अर्ज येतात, सहकार कायद्याच्या कलम १५४ खाली सहकार खात्याकडे. सातबारावरची नोंद, कारखान्याचे बरखास्त संचालक मंडळ, जिल्हा बँकेची चौकशी, या सगळ्यावर मंत्र्यांच्या दालनात तारखा पडतात, वकील उभे राहतात आणि बऱ्याचदा सगळे अडते ते एका ‘स्थगिती’वर. समोरचा कारखाना स्वतःच्या जिल्ह्यातला, संचालक स्वतःच्या गटातला किंवा विरोधी गटातला असू शकतो. अशी फाइल मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या मंत्र्याकडे सोपवायला कार्यनियमावली आड येत नाही. पण मंत्र्याने आपणहून फाइल परत पाठवल्याच्या बातम्या आपण फारशा वाचत नाही. फाइल सोडणे म्हणजे जिल्ह्यात वजन कमी झाल्याची कबुली, असे मानण्याचा रिवाज आहे. मग छोटी गोष्ट न सोडल्यामुळे मोठी सोडण्याची वेळ येते.

ज्यांच्यावर ती आली त्यांचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. अंतुले केंद्रात मंत्री झाले, निलंगेकर पुन्हा राज्यात मंत्री झाले. रेड्डी आणि जोशी, दोघेही लोकसभेचे अध्यक्ष झाले, म्हणजे निःपक्षपातीपणाची सर्वांत जास्त अपेक्षा असलेल्या आसनावर बसले. १९६७ मध्ये त्या आसनावर बसताना रेड्डींनी काँग्रेसच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. तो मात्र त्यांच्याकडे कोणी मागितला नव्हता.