पायातली रक्ताची गाठ : मोजे घेण्याआधी वाचा

"पाय सुजलाय, घट्ट मोजा द्या," असे म्हणत अनेक जण आमच्या दुकानात येतात. एकच पाय अचानक सुजला असेल, पोटरी दुखत असेल, हाताला गरम लागत असेल, तर आम्ही मोजा देत नाही. ती रक्ताची गाठ असू शकते, आधी डॉक्टरांना दाखवा, असे सांगतो. ते का, हे कळावे म्हणून हे पत्रक.

रक्त गोठणे हा शरीराचा बचाव आहे. बोट कापले की प्लेटलेट्स जखमेवर चिकटतात, पाठोपाठ रक्तातली प्रथिने कामाला लागतात आणि फायब्रिन या प्रथिनाच्या तंतूंची जाळी तयार होते. जखम भरत आली की शरीरच ती विरघळवते. एरवी रक्तवाहिनीचे आतले अस्तर रक्ताला गोठू देत नाही.

तरीही आतल्या आत गाठ होते, ती मुख्यतः तीन कारणांनी : अस्तराला इजा, मंदावलेला प्रवाह, आणि नेहमीपेक्षा लवकर गोठणारे रक्त. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्शो यांच्या १८५६ च्या लेखनाशी ही त्रयी आजही जोडली जाते. हृदयविकाराच्या झटक्यात बहुधा रोहिणीतला (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीतला) चरबीचा थर फुटून त्यावर गाठ धरते. पायाच्या खोल शिरांत मात्र मोठा वाटा मंद प्रवाहाचा असतो.

पायातले रक्त वर चढते ते पोटरीच्या बळावर. चालताना पोटरीचे स्नायू शिरा दाबतात आणि शिरांतल्या झडपा रक्ताला खाली परतू देत नाहीत. माणूस पडून राहिला की झडपांच्या खोबणीत रक्त रेंगाळते, आणि गाठ बहुतेकदा तिथेच सुरू होते. म्हणून खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, पाय प्लास्टरमध्ये असताना, चार तासांहून लांबच्या प्रवासात धोका वाढतो. कॅन्सर आणि काही गर्भनिरोधक गोळ्या यांनीही वाढतो.

बाळंतिणीबद्दल मुद्दाम सांगतो. गरोदरपणात रक्त जास्त गोठणारे होते आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे सर्वांत जोखमीचे असतात. आपल्याकडे नेमका तोच सव्वा महिना तिला झोपवून ठेवतात. विश्रांती हवीच, पण डॉक्टरांनी परवानगी दिली की तिला घरात चालू द्या, पाणी भरपूर द्या.

सुजलेल्या पोटरीला तेल लावून रगडू नका. गाठ सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकू शकते. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत दुखले, खोकल्यातून रक्त आले किंवा चक्कर येऊन पडलात, तर वाट न बघता १०८ ला फोन करा. गाठीचे निदान बहुधा डॉपलर सोनोग्राफीने होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या गाठ वाढू देत नाहीत, ती विरघळवण्याचे काम शरीर हळूहळू करते. त्यामुळे बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका.

आता मोज्यांविषयी. ऑपरेशननंतर पडून असलेल्यांचे मोजे वेगळे, फुगलेल्या शिरांचे वेगळे. दोन्हींचा दाब सारखा नसतो. शेजाऱ्यांचा मोजा घालू नका. पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्यांना घट्ट मोजा घातक ठरू शकतो. मधुमेह असेल, किंवा चालताना पोटऱ्या भरून येऊन थांबावे लागत असेल, तर डॉक्टरांना आधी विचारा. माप द्यायला सकाळी, सूज चढण्याआधी या. येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणा.