प्रतिनिधी नेमका कुणाचा?

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार मतदार ठरवतात, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शिक्का मारतात ते पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनातले प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट. ते कुणी निवडायचे, हा तिथला जवळपास दोनशे वर्षांचा तंटा आहे.

1824 पर्यंत काँग्रेसमधले, म्हणजे अमेरिकी संसदेतले, पक्षाचे सदस्यच आपसांत नाव ठरवत. त्या बैठकीला विरोधक 'किंग कॉकस' म्हणून हिणवत. 1831 मध्ये अँटी-मेसॉनिक या अल्पायुषी पक्षाने बाल्टिमोरला पहिलं राष्ट्रीय अधिवेशन भरवलं आणि मोठ्या पक्षांनी कल्पना उचलली. किल्ल्या मात्र राज्याराज्यांतल्या पुढाऱ्यांच्या कमरेलाच राहिल्या. पुढे प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुका आल्या, तरी 1912 मध्ये बहुतेक प्रायमरी जिंकूनही थिओडोर रूझवेल्ट बाहेर राहिले आणि रिपब्लिकन उमेदवारी टाफ्ट यांना मिळाली.

खरा स्फोट डेमोक्रॅट पक्षात झाला. 1964 च्या अधिवेशनात मिसिसिपी राज्यातून फक्त गोऱ्यांचं प्रतिनिधिमंडळ आलं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या फॅनी लू हॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आव्हान दिलं. त्यांच्यापुढे दोन जागा टाकल्या गेल्या, त्या त्यांनी नाकारल्या. 1968 मध्ये शिकागोच्या अधिवेशनात बाहेर निदर्शकांवर पोलिसांच्या लाठ्या चालत असताना आत उमेदवारी मिळाली ह्यूबर्ट हम्फ्री यांना, एकही प्रायमरी न लढवता! त्या संतापातून, प्रतिनिधी निवडायचे नियम सुधारायला, पक्षाचा मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग आला. त्याचं म्हणणं: नियम लेखी हवेत, बैठका खुल्या हव्यात, स्त्रिया, तरुण आणि कृष्णवर्णीयांना रास्त वाटा हवा. इतकं सगळं सांभाळण्यापेक्षा प्रायमरी घेणं अनेक राज्यांना सोपं वाटलं. 1972 मध्ये शिकागोचे महापौर डेली यांच्याच प्रतिनिधींना या नियमांवर बोट ठेवून बाहेर काढलं गेलं. उमेदवारी मिळाली आयोगाचे पहिले अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न यांना. ते 49 राज्यांत हरले.

पुढारी धास्तावले आणि 1984 पासून स्वतःसाठी 'सुपरडेलिगेट', म्हणजे मतदारांनी न निवडलेले, मर्जीने मत देणारे प्रतिनिधी, ही मागची वाट काढून बसले. 2016 मध्ये उमेदवारीच्या शर्यतीतले बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांनी त्यावरून रान उठवलं, तेव्हा 2018 मध्ये, चुरस असेल तर पहिल्या फेरीतलं त्यांचं मत काढून घेण्यात आलं. आज डेमोक्रॅट 15 टक्के मतांचा उंबरठा ओलांडणाऱ्यांना प्रमाणात प्रतिनिधी देतात. रिपब्लिकन पक्ष राज्यांना बरीच मोकळीक देतो, त्यामुळे काही ठिकाणी पहिला येणारा सगळेच घेऊन जातो.

जुलै 2024 मध्ये बायडन यांनी माघार घेतली. त्यांच्या नावावर निवडून आलेले हजारो प्रतिनिधी एका दिवसात मोकळे झाले आणि ऑगस्टमध्ये, अधिवेशन भरण्याआधीच, त्यांनी ऑनलाइन मतदानाने कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली.