सुकवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवर सहसंसर्गाचा अभ्यास: परवानग्या, पात्रता आणि कागदपत्रे

एचआयव्ही, हिपॅटायटीस बी आणि हिपॅटायटीस सी हे तिन्ही विषाणू रक्तातून पसरतात. त्यामुळे सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एकाच माणसाला दोन किंवा तिन्ही संसर्ग, म्हणजे सहसंसर्ग, झालेले आढळतात. वर्षानुवर्षं टोचून शिरा खराब झालेल्या असतात, दंडातून रक्त काढायला जावं तर शीर सापडत नाही. अशा वेळी बोटाला टोचून फिल्टर पेपरच्या कार्डावर थेंब घेऊन सुकवणं, म्हणजे डीबीएस (ड्राइड ब्लड स्पॉट), सोयीचं पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या हिपॅटायटीस तपासणी मार्गदर्शक सूचनांमध्येही या पद्धतीला जागा आहे.

पण अशा कार्डांवर सहसंसर्गाचा अभ्यास सुरू करण्याआधी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन नैतिकतेला धरून आहे का हे पाहणाऱ्या समितीची, लेखी मंजुरी लागते. ही समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी झालेली हवी. तुमच्या संस्थेत समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेशी करार करून तिच्या समितीकडे अर्ज करता येतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी गाइडच्या सहीसह अर्ज करावा.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असुरक्षित गटांवरचं, म्हणजे सुईने नशा करणाऱ्यांसारख्या सहज गैरफायदा घेतला जाऊ शकेल अशा लोकांवरचं संशोधन, धोका अगदी किरकोळ असला तरी, पूर्ण समितीच्या बैठकीतच तपासलं जातं. म्हणून बैठकीची तारीख आधी विचारून ठेवा. हाच गट का निवडला, याचं उत्तर प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, स्पष्ट लिहा. ‘सहज उपलब्ध होते’ हे कारण चालत नाही आणि चालूही नये.

अर्जासोबत प्रोटोकॉल, प्रश्नावली, संशोधकांचे बायोडेटा आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, बजेट, हितसंबंधांची घोषणा आणि संस्थाप्रमुखांची परवानगी जोडा. एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या केंद्रांत नमुने घेणार असाल तर संबंधित एड्स नियंत्रण संस्थेचं, तुरुंगात घेणार असाल तर कारागृह विभागाचं पत्र लागतं. परदेशी निधी किंवा भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी, आणि कार्डं देशाबाहेर पाठवायची असतील तर साहित्य हस्तांतरण करारही (नमुने कोणत्या अटींवर दिले ते ठरवणारा) हवा. सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, संशोधन नोंदवण्याची सरकारी वेबसाइट) नोंदणी करायची असेल तर ती पहिला सहभागी घेण्याआधी करा. ती मोफत आहे.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो माहितीपत्रक आणि संमतीपत्राला. ही दोन्ही मराठी, हिंदी, जी भाषा सहभागी बोलतात त्यात हवीत. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षर साक्षीदार समोर हवा. उरलेलं रक्त साठवायचं की नाही, यासाठी वेगळा रकाना ठेवा, कारण कार्ड वर्षानुवर्षं टिकतं आणि त्यावर पुढे काय तपासलं जाईल हे त्या माणसाला एरवी कधीच कळत नाही. प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीची रक्कमही लिहा.

2017 च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्यानुसार तपासणी आणि संशोधन, दोन्हींसाठी माहितीपूर्ण संमती बंधनकारक आहे. निनावी सर्वेक्षणाला सवलत आहे, पण त्यात रिपोर्ट त्या माणसापर्यंत पोचवता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: रक्त घेतलं तर रिपोर्ट द्यायलाच हवा. कार्डावर नाव न लिहिता फक्त कोड टाका, आणि कोड-नावाची यादी वेगळ्या कुलपात ठेवा.

नमुना घेण्याची पद्धतही प्रोटोकॉलमध्ये बारकाईने द्या. कार्डावर छापलेल्या प्रत्येक वर्तुळात एकदाच रक्त, ते मागच्या बाजूपर्यंत झिरपलं पाहिजे. सुकत आलेल्या ठिपक्यावर दुसरा थेंब टाकायचा नाही. कार्ड आडवं, उन्हापासून दूर, किमान चार तास सुकवायचं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात रात्रभर ठेवलेलं बरं. मग सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं कार्ड घालून झिपच्या पिशवीत.

ठिपक्यात रक्त थोडं असतं, त्यामुळे विषाणूचं प्रमाण कमी असेल तर तो निसटू शकतो. म्हणून खात्रीची तपासणी कुठे होईल आणि पॉझिटिव्ह आलेल्याला आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्र), एआरटी केंद्र (एचआयव्हीवर औषधोपचार करणारं) किंवा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमाच्या उपचार केंद्रात (तिथे औषधं मोफत मिळतात) कोण घेऊन जाईल, हे अर्जातच लिहा.

मंजुरीनंतर समितीला प्रगती अहवाल द्यावा लागतो. मध्येच त्याच कार्डांवर, समजा, हिपॅटायटीस डी तपासायचं ठरलं, तर आधी सुधारित प्रोटोकॉल समितीपुढे न्यावा लागेल, आणि साठवणुकीला नकार दिलेल्यांची कार्डं त्यातून वगळावी लागतील.