ताम्रसृती-बदल

दूरच्या दीर्घिकेची किंवा क्वेसारची (अतिशय तेजस्वी दीर्घिका-केंद्राची) ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे तिच्या प्रकाशाचे वर्णपटाच्या तांबड्या बाजूला सरकणे, आज मोजली आणि काही वर्षांनी त्याच वस्तूची पुन्हा मोजली, तर दोन आकड्यांत अत्यल्प फरक आढळला पाहिजे. हा फरक म्हणजे ताम्रसृती-बदल. एरवी विश्वाच्या प्रसरणाचा इतिहास अनेक वस्तूंची एकेकदा घेतलेली मोजमापे ताडून अनुमानाने काढतात. येथे वस्तू तीच राहते आणि काळ पुढे सरकतो. प्रसरण चालू असताना ते मोजण्याचा हा एकमेव मार्ग आहे असे काही जण म्हणतात. ते थोडे जास्तच होते, कारण आकाशातील स्थानबदल मोजण्याच्या सूचनाही झालेल्या आहेत.

संज्ञेविषयी : बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी माध्यमाची मुले दहावीनंतर पीयूसीला (कर्नाटकातील अकरावी-बारावी) विज्ञान इंग्रजीतून शिकतात. त्यामुळे तिकडे बोलण्यात ‘रेडशिफ्ट’ हाच शब्द येतो. ताम्रसृती व ताम्रच्युती ही दोन्ही रूपे लेखनात आढळतात. येथे पहिले स्वीकारले आहे.

उगम व नाव : या परीक्षेला ‘सँडेज–लोब चाचणी’ म्हणतात. ॲलन सँडेज यांनी १९६२ मध्ये दीर्घिकांच्या ताम्रसृतीत काळानुसार होणाऱ्या बदलाचा विचार मांडला. मात्र तो दिसण्यास तत्कालीन साधनांनी १ कोटी वर्षांच्या घरातील अवधी लागेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. अब्राहम (अवी) लोब यांनी १९९८ मध्ये दीर्घिकांऐवजी क्वेसारच्या वर्णपटातील लायमन-आल्फा रेषांचे ‘अरण्य’ (वाटेतील हायड्रोजनने प्रकाश शोषल्याने उमटलेल्या दाट रेषा) वापरण्याचे सुचवले आणि अवधी काही दशकांवर आला. जोडनाव या दोघांवरून पडले असले, तरी गणिताचे श्रेय जॉर्ज मॅकव्हिटी यांना द्यावे लागते. सामान्य सूत्र सँडेज यांच्याच निबंधाला त्यांनी जोडलेल्या परिशिष्टात आहे : १ अधिक ताम्रसृती याला आजच्या हबल गुणांकाने (विश्वाच्या प्रसरणाच्या दराने) गुणावे आणि त्यातून प्रकाश निघाला त्या वेळचा हबल गुणांक वजा करावा, म्हणजे ताम्रसृती बदलण्याचा दर मिळतो. तिन्ही नावे घेणे अधिक न्याय्य, पण रूढी तशी नाही.

सूत्रातील चिन्ह महत्त्वाचे आहे. विश्वाच्या प्रचलित प्रतिकृतीत साधारण २ पर्यंतच्या ताम्रसृती हळूहळू वाढतात आणि त्यापलीकडच्या घटतात. विश्व सर्वकाळ सारखेच असते असे मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धांतात हबल गुणांक कायम असल्याने सगळ्याच वाढायला हव्यात. या सिद्धांताचे एक प्रमुख पुरस्कर्ते जयंत नारळीकर यांचा जन्म सीमेलगतच्या कोल्हापुरातला (१९३८).

परिमाण : हबल स्थिरांक (हबल गुणांकाचे आजचे मूल्य) सेकंदास दर मेगापार्सेकला ७० किलोमीटर धरला, तर ताम्रसृती ४ असलेल्या वस्तूसाठी हा बदल वेगाच्या भाषेत वर्षाला सेकंदास सुमारे अर्धा सेंटिमीटर येतो. मुंगीची चालही याहून जलद असते. २००८ मधील एका सविस्तर हिशेबानुसार ४२ मीटर आरशाच्या दुर्बिणीला सुमारे २० वर्षांत ४,००० तास निरीक्षण करावे लागेल. चिलीत आर्माझोनेस डोंगरावर उभ्या राहणाऱ्या अतिविशाल दुर्बिणीचा आरसा पुढे ३९ मीटरवर आणण्यात आला. एवढी वर्षे वर्णपटमापकाची मोजपट्टी हलता कामा नये. त्यासाठी लेसरचा ‘वारंवारता-कंगवा’ (समान अंतरावरच्या अचूक वारंवारतांची प्रकाशरेषांची पट्टी) वापरण्याची कल्पना आहे (या तंत्रातील कामासाठी २००५ चे भौतिकीचे नोबेल अंशतः दिले गेले).

खरी अडचण मात्र घरचीच आहे. सूर्यमाला आकाशगंगेच्या केंद्राकडे ओढली जाते. ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजणीप्रमाणे हे त्वरण सेकंदवर्गास मीटरच्या सुमारे २.३ दशअब्जांश भरते, म्हणजे वर्षाला सेकंदास ०.७ सेंटिमीटर. हा आकडा शोधायच्या संकेताहून मोठा आहे. त्याची दिशा ठाऊक असल्याने तो वजा करता येतो. आकाशाच्या निरनिराळ्या दिशांचे क्वेसार निवडण्याचा आग्रह त्यासाठीच.

बेळगावातून : २०२४ मध्ये वर्णन झालेला एक अतितेजस्वी क्वेसार (ताम्रसृती ३.९६) या प्रयोगासाठी निवडला गेला असून चिलीतील एस्प्रेसो या वर्णपटमापकाने त्याची पहिली निरीक्षणे घेतली आहेत. तो खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे ४४ अंश दक्षिणेस आहे. बेळगाव १५.९ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे तेथे तो मध्यमंडलावर येताना दक्षिण क्षितिजापासून ३० अंश वर असतो. जानेवारीतील रात्री राजहंसगडावरून पाहताना मृगाच्या पट्ट्यातून सरळ खाली यावे. अगस्त्य क्षितिजाकडे चमकत असेल, त्याच्या थोडे वर आणि पश्चिमेस. प्रत (तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) साधारण १६ असल्याने नुसत्या डोळ्यांना तेथे काहीच दिसणार नाही.

रेडिओ पद्धत : हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर रेषेवरूनही हा बदल मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली मर्यादा अपेक्षित मूल्याच्या सुमारे हजारपट ढिली होती. भारत सहभागी असलेल्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या रेडिओ दुर्बीण-समूहाकडून याबाबत अपेक्षा ठेवल्या जातात.