झाडांच्या टॉनिकचा उपयोग नेमका कोणाला होतो?

ब1 जीवनसत्त्वामुळे मुळांची वाढ होते, असे बोन्सायसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक टॉनिकच्या बाटल्यांवर लिहिलेले असते. हे विधान निराधार नाही. मात्र ज्या मुळांवर ते सिद्ध झाले, त्यांना वर खोड नव्हते आणि पानेही नव्हती. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जेम्स बॉनर यांनी वाटाण्याच्या मुळांची टोके कापून ती निर्जंतुक पोषकद्रावणात वाढवली, तेव्हा द्रावणात थायमिन म्हणजे ब1 जीवनसत्त्व घातल्यावरच ती नीट वाढत राहतात, असे त्यांना 1937 मध्ये दिसले. सबंध झाडात थायमिन पानांमध्ये तयार होते आणि तिथून ते मुळांपर्यंत पोहोचते. कापलेल्या मुळाचा हा पुरवठा तुटलेला असल्यामुळे ते बाहेरून द्यावे लागले. हा फरक लक्षात येण्यापूर्वीच अमेरिकेतील बागप्रेमींमध्ये ब1 ची लाट उसळली. 1940 च्या सुमारास इतर संशोधकांनी सबंध, हिरव्या झाडांवर प्रयोग केले, तेव्हा त्यांना लाभ आढळला नाही आणि पुढे खुद्द बॉनर यांनीही ते मान्य केले. तरीही ब1 आजपर्यंत बाटलीत टिकून आहे.

अशा टॉनिकमध्ये अनेकदा दुसरा घटक असतो तो नॅप्थिल अॅसेटिक आम्लाचा, म्हणजेच ऑक्झिन वर्गातील कृत्रिम संजीवकाचा (संजीवक म्हणजे झाडाची वाढ नियंत्रित करणारे रसायन). हा घटक खरोखर प्रभावी आहे आणि म्हणूनच तो जपून वापरावा लागतो. छाटकलमाच्या तळाशी ऑक्झिनची पूड लावली की तिथे नव्या मुळ्या फुटायला मदत होते, हे निर्विवाद आहे. त्यासाठीच्या पुडीत संजीवकाचे प्रमाण साधारण 1000 ते 8000 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असते. मुळे आधीच असलेल्या झाडाच्या बाबतीत मात्र हेच ऑक्झिन जास्त झाल्यास मुळांची लांबी वाढणे थांबते. पुनर्लागवडीच्या वेळी मुळे छाटलेल्या बोन्सायला ते देताना म्हणूनच मात्रा वाढवण्याचा मोह टाळायला हवा.

संजीवके निरुपयोगी असतात, असा याचा अर्थ मुळीच नाही. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला जिबरेलिक आम्लाची, म्हणजे जिबरेलिन वर्गातील जी.ए. या संजीवकाची, महती सांगावी लागत नाही. बिनबियांच्या द्राक्षात बी नसल्यामुळे बीकडून मिळणारे जिबरेलिन कमी पडते आणि मणी लहान राहतात. ती उणीव घड ठरावीक अवस्थेत असताना जी.ए.च्या द्रावणाने भरून काढली जाते. कोकणात हापूसला दरवर्षी मोहोर यावा म्हणून पावसाळ्यात झाडाच्या आळ्यात दिले जाणारे पॅक्लोब्युट्राझोल नेमके उलटे काम करते: ते झाडातील जिबरेलिनची निर्मितीच रोखते, त्यामुळे पालवीचा जोर कमी होऊन मोहोर धरण्यास अनुकूल स्थिती तयार होते. या दोन्ही ठिकाणी कोणते संजीवक, कोणत्या अवस्थेत आणि कशासाठी द्यायचे, हे ठरलेले असते. ‘सर्व झाडांसाठी, सर्व ऋतूंत’ असे लिहिलेल्या बाटलीकडे मी म्हणूनच साशंकतेने पाहतो.

बोन्सायची खरी अडचण बहुतेक वेळा अगदी साधी असते. उथळ कुंडीत माती थोडी, पाणी रोजचे, त्यामुळे नत्र, विशेषतः नायट्रेटच्या रूपातील, तळाच्या भोकांतून वाहून जाते. अशा वडाला किंवा उंबराला वाढीच्या काळात थोडे थोडे पण नियमित खत लागते, आणि टॉनिक हे खत नव्हे. कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या, असे दिसले तर बहुधा लोह कमी पडत असते. बोअरवेलच्या जड पाण्याने माती अल्कधर्मी होत गेली की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. तिथे जीवनसत्त्वांचा उपयोग नाही, चिलेटेड लोहाचा, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेल्या लोहाचा होतो. तोही अल्कधर्मी मातीत टिकणाऱ्या ईडीडीएचए प्रकारच्या लोहाचा, कारण ईडीटीए प्रकारचे चिलेट अशा मातीत लवकर निकामी होते.

समुद्री शेवाळाच्या अर्काविषयी माझे मत थोडे सौम्य आहे. पाण्याचा किंवा क्षारांचा ताण सहन करण्यास तो काही पिकांना मदत करतो, असे प्रयोगांत दिसले आहे. मात्र शेवाळाची जात, अर्क काढण्याची पद्धत आणि पीक यांनुसार परिणाम बदलतो. भारतात 2021 पासून अशी जैवउत्तेजके (झाडाच्या वाढीला चालना देणारी उत्पादने) खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत, तेव्हा बाटली घेताना तिच्यावर घटक व त्यांचे प्रमाण छापलेले आहे का, हे अवश्य पाहावे.

टॉनिक दिल्यानंतर झाड तरारले, हा अनुभव अनेकांचा असतो आणि तो प्रामाणिक असतो. परंतु टॉनिक देतो त्याच सुमारास आपण बहुधा माती बदललेली असते, कुंडी सावलीत नेलेली असते किंवा मृगाचा पाऊस सुरू झालेला असतो. कशाचा परिणाम झाला हे कळण्यासाठी एकाच जेडच्या झाडाच्या सारख्या जाडीच्या 20 फांद्या घ्याव्यात, एकाच मातीत लावाव्यात, चिठ्ठ्या टाकून त्यांतील 10 निवडाव्यात आणि त्यांनाच टॉनिक द्यावे. उरलेल्यांना तेवढेच साधे पाणी. कोणत्या कुंडीला काय दिले, हे माहीत नसलेल्या घरच्या कोणाकडून तरी दोन महिन्यांनी नवी पाने मोजून घ्यावीत.