बाबा वाघ, ताई मांजर आणि मी कुठेतरी कोपऱ्यात

लहान मुलाला थेट विचारलं की घरात तुझं कुणाशी पटत नाही, तर पोरगं एकतर गप्प बसणार नाहीतर 'सगळे चांगले आहेत' म्हणून मोकळं होणार. पण त्यालाच म्हणा, समज आपलं अख्खं घर प्राण्यांचं आहे, आता सगळ्यांना काढ, स्वतःलासुद्धा, की कसा हात सुटतो बघा. जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञ लुइटगार्ड ब्रेम-ग्रेझर यांनी यावरच एक टेस्ट बसवली आणि १९५७ साली त्यावर पुस्तकही काढलं.

यात नुसता प्राणी कुठला ते बघत नाहीत. आधी कोणाला काढलं, कोण मोठं कोण चिमुकलं, कोण कोणाच्या शेजारी, कोणाचं तोंड कुणीकडे, हे सगळं बघतात. म्हणजे बाबा वाघ असले तर लगेच घाबरायचं कारण नाही, पण त्याच कागदावर पोराने स्वतःला ससा करून पार खालच्या कोपऱ्यात बसवलं असेल तर विचारायला हरकत नाही.

आता खरी गंमत. १९६७ मध्ये लॉरेन आणि जीन चॅपमन या अमेरिकन जोडीने माणसांच्या चित्रांवर एक प्रयोग केला. कॉलेजच्या पोरांना चित्रं दाखवली, प्रत्येकाखाली ते चित्र काढणाऱ्या पेशंटची म्हणून लक्षणं लिहिलेली, पण कुठल्या चित्राखाली काय ते आपलं असंच, चिठ्ठ्या टाकल्यासारखं. तरी पोरांना त्यात 'पॅटर्न' दिसला! संशयी माणूस डोळे विचित्र काढतो म्हणे. आणि मुरलेले तज्ज्ञही अगदी तेच सांगत होते. म्हणजे डोक्यात आधीच बसलेलं आपण कागदावर वाचतो, आणि प्राण्यांच्या बाबतीत तर हा धोका जास्तच असणार असं मला वाटतं, कारण प्रत्येक प्राण्याला आपण आधीच एकेक स्वभाव चिकटवलेला असतो. तोही जागेप्रमाणे बदलतो. घुबड युरोपात शहाणं, आपल्याकडे अपशकुनी, आणि तेच परत लक्ष्मीचं वाहन. बैल म्हणजे ढ की पोळ्याला सजवून मिरवलेला लाडका? पोराने आजोबांना बैल केलं तर काय समजायचं सांगा!

म्हणून व्हॉट्सॲपवर 'मुलाने साप काढला तर अमुक' असले तक्ते फिरतात ना, ते सरळ डिलीट मारा. त्यापेक्षा शेजारी बसून विचारा, हा काय करतोय रे? कदाचित उत्तर येईल, 'दादा साप आहे कारण मला सापच नीट काढता येतो.'